ग्रंथालयातील स्कॅनर आणि लिनक्सची वर्दी

आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव संगणकावर सुरू झाली तेव्हा आम्हा सर्वांनाच समाधान वाटले. परंतु एका रविवारी कुणाच्या तरी पायात अडकून बारकोड स्कॅनरची वायर निघाली. ती लगेच लावली, दिवा लागला, ‘टीं’ असा आवाजही झाला. मात्र पुढे एकाही पुस्तकाची नोंद झाली नाही. रात्री सर्व नोंदी आठवून वहीत लिहाव्या लागल्या. लिनक्सच बेभरवशाचे, असे कार्यकर्त्यांनी ठरवूनही टाकले. दोष लिनक्सचा नव्हता, म्हणून हा लेखप्रपंच.

बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या लेखी एक कीबोर्डच होय. चालू संगणकाला उपकरण जोडता-काढता यावे, अशीच यूएसबीची (१९९६) रचना आहे. वायर लावताच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उपकरणाला त्याचा कंपनी क्रमांक व प्रकार विचारतो, योग्य ड्रायव्हर लावतो आणि त्याच्यासाठी इव्हेंट ५, इव्हेंट ६ अशा नावाची फाईल तयार करून वर्दी देतो. ती वर्दी घेणारा कारकून म्हणजे ‘यूडेव्ह’. हा २००३ साली आला. तो फाईल कोणी वाचावी याचे अधिकार लावतो, टिकाऊ नाव देतो आणि मग कान लावून बसलेल्या प्रोग्रॅमना कळवतो.

इव्हेंट क्रमांक म्हणजे पूर्वी बँकेत मिळे ते पितळी टोकन. तोच खातेदार दुसऱ्या खेपेस आला की टोकन बदलू शकते. आमचा प्रोग्रॅम सकाळचेच टोकन धरून बसला होता! खाते क्रमांकासारखे टिकाऊ नाव ‘बाय-आयडी’ या कप्प्यात मिळते, तेच वापरावे.

वायर निघाली की फाईल वाचताना ‘असे उपकरण नाही’ ही चूक परत येते. ती गिळून टाकू नये. फाईल बंद करावी, यूडेव्हच्या वर्दीची वाट पाहावी व ती आली की फाईल नव्याने उघडावी. स्कॅनरची अक्षरे दुसऱ्या खिडकीत उमटू नयेत म्हणून घेतलेला एकहाती ताबाही पुन्हा मागावा लागतो.

प्रोग्रॅम सुरू होताना मात्र आधी कान लावावा, मग हजर उपकरणांची यादी घ्यावी. उलट केले तर मधल्या क्षणात जोडलेला स्कॅनर यादीतही नसतो आणि वर्दीतही नसतो. आमच्या क्रमाने तो क्वचित दोनदा सापडेल. पण दुबार नोंद खोडणे सोपे, सुटलेली शोधणे किती जड जाते हे लेजर जुळवणाऱ्यास विचारावे.

अभ्यासिकेतील एका मुलीने हे बदल केले. ‘यूडेव्हॲडम मॉनिटर’ ही आज्ञा देऊन तिने येणाऱ्या वर्द्या पडद्यावर दाखविल्या आणि आमच्यादेखत वायर पाच वेळा ओढून परत लावली. चौथ्या वेळी टोकन बदलले. नोंद मात्र पाचही वेळा झाली.