शेकडेवारी आणि विभाज्यता : साडेअकरा मुलं गैरहजर कशी?

शिष्यवृत्तीच्या सरावाला मी एकदा हा प्रश्न दिला होता. "एका शाळेत १२.५ टक्के विद्यार्थी गैरहजर होते. तर शाळेचा पट खालीलपैकी किती असेल? (१) ९२ (२) ९४ (३) ९६ (४) ९८."

एका मुलाने पहिला पर्याय रंगवला. वही बघितली तर गुणाकार, भागाकार अगदी बिनचूक. ९२ चे १२.५ टक्के म्हणजे ११.५. मी विचारलं, "अरे, साडेअकरा मुलं गैरहजर?" तर म्हणतो, "सर, गणित बरोबर आलंय ना!" वर्ग हसला, पण मला हसू आलं नाही. कारण त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. टक्के कसे काढायचे ते आपण शिकवलं होतं. टक्के कशाचे काढतोय ते विचारायला शिकवलं नव्हतं.

आमच्या पानशेत भागात पावसाळा सुरू झाला की टक्के घराघरांत पोचतात. खडकवासला साखळीत धरणं चार. त्यांची उपयुक्त साठवण अशी : खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१, म्हणजे एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता पानशेत ३७.५ टक्के भरलं म्हटलं तर पाणी होतं ३.९९३७५ टीएमसी. यात कुणाला काही खटकत नाही, कारण पाणी आपण मोजमापाने मोजतो, त्याचे कितीही बारीक तुकडे पडतात. मुलं, झाडं, बस, प्रश्नपत्रिका या गोष्टी मात्र एक-दोन-तीन अशा मोजायच्या. तिथे उत्तर पूर्णांकच यायला हवं. प्रश्नात ही अट लिहिलेली नसते, पण ती असतेच. आणि परीक्षेत तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

कशी ते बघू. १२.५ टक्के म्हणजे १२.५/१००, अतिसंक्षिप्त रूप १/८. पटाचा आठवा भाग पूर्ण यायचा तर पटाला ८ ने नि:शेष भाग जायलाच हवा. चार पर्यायांत फक्त ९६ ला जातो. गुणाकार करावाच लागला नाही.

३५ टक्के असेल तर? इथे मुलं हमखास दोन चुका करतात. पहिली, "३५ भागिले १०० आहे, म्हणजे पट १०० च्या पटीत हवा." तसं नाही. ३५/१०० चं अतिसंक्षिप्त रूप ७/२०, म्हणून २० ने भाग गेला की पुरे. पट ६० असेल तर २१ मुलं, बरोबर बसतं. दुसरी चूक, "७ ने पण भाग जायला हवा ना?" नाही. का नाही, हे फळ्यावर वेळ देऊन सांगावं. पटाला ७ ने गुणून २० ने भागायचंय. ७ आणि २० सहमूळ आहेत, दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नाही. त्यामुळे ७ ने गुणल्याने २० ने भाग जायला काडीचीही मदत होत नाही. भाग जायचाच असेल तर तो पटालाच जायला हवा. एवढं पटलं की मुलं नियम पाठ करत नाहीत. छेद बघा, तो पटाचा विभाजक असतो, हे त्यांचं त्यांना दिसतं.

एकाच प्रश्नात दोन टक्केवाऱ्या आल्या की लसावि कामाला लागतो. समजा १२.५ टक्के मुलं सायकलने येतात, १५ टक्के एसटीने, आणि पट १५० ते १९० च्या दरम्यान आहे. १२.५ टक्क्यांचा छेद ८, १५ टक्के म्हणजे ३/२० म्हणून छेद २०. लसावि ४०. त्या टप्प्यात ४० च्या पटीतली एकच संख्या, १६०. सायकलवाले २०, एसटीवाले २४. पाचवीच्या मुलांना लसावि येतो, टक्केही येतात. दोन्ही धडे एका गणितात भेटू शकतात हे कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच.

वाढीच्या गणितात मजा उलटी होते. "शाळेचा पट गेल्या वर्षीपेक्षा १२.५ टक्क्यांनी वाढला. आता तो ६० ते ७० च्या दरम्यान आहे. आता किती?" जुना पट ८ भाग, नवा ९ भाग. म्हणजे जुन्या पटाला ८ ने आणि नव्या पटाला ९ ने भाग जातो. ६० ते ७० मध्ये ९ ची कसोटी लावा, अंकांची बेरीज ९ येते ती ६३. गेल्या वर्षी ५६. आधी छेद बघितला होता, इथे अंशही बघावा लागला, हे मुलांकडूनच वदवून घ्यावं.

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल एक सांगायलाच हवं. तिथे प्रत्येक पेपरमध्ये जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असायचे, आणि दोन्ही रंगवावे लागायचे. (७५ प्रश्नांचे २० टक्के म्हणजे १५, पूर्णांक आला!) आता "१५ टक्के मुली खो-खो खेळतात, तर मुलींची संख्या किती असू शकेल?" याला ६०, ७०, ८०, ९० असे पर्याय असतील तर ६० आणि ८० दोन्ही बरोबर. एकेक पर्याय घेऊन टक्के काढत बसणारं मूल ६० ला ९ आले की खूश होतं आणि पुढे जातं. २० ची पट शोधणारं मूल चारही पर्यायांवरून नजर फिरवतं. फरक हुशारीचा नाही, सवयीचा आहे.

मात्र हे सगळं टक्के अचूक दिलेले असतील तरच. ३३ १/३ टक्के म्हणजे नेमके १/३. पण बातमीतले ५७.८ टक्के बहुधा जवळपासचे असतात, त्यावरून विभाजक काढायला जाऊ नये. हे ५७.८ मी कुठून आणले? खडकवासला १०० टक्के आणि पानशेत ५० टक्के भरलंय असं समजा. दोन्ही मिळून किती टक्के? मुलं बेधडक ७५ सांगतात. पण १.९७ आणि ५.३२५ मिळून ७.२९५ टीएमसी, तेही १२.६२ पैकी. म्हणजे सुमारे ५७.८ टक्के. लहान धरणाचे शंभर आणि मोठ्या धरणाचे पन्नास यांची सरासरी काढायची नसते.

विभाज्यतेच्या कसोट्या पाठ आहेत की समजल्या आहेत हे बघायला मी १९६१ ही संख्या देतो. पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, त्यामुळे इकडे हे साल सगळ्यांना ठाऊक. (इंग्रजी अंकांत लिहून कागद उलटा फिरवलात तरी तेच साल दिसतं.) विषम आहे, अंकांची बेरीज १७ म्हणून ३ ने नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, ७ ने भागलं तर १ उरतो, ११ ची कसोटीही लागत नाही. इथे बहुतेक मुलं "मूळ संख्या" म्हणून हात वर करतात. १३, १७, १९ असं चिकाटीने पुढे जाणाऱ्याला ३७ ला यश मिळतं : ३७ × ५३.

पालकांसाठी एक घरचा उपयोग. समजा एखाद्या क्लासच्या जाहिरातीत आहे, "३० पैकी ८५ टक्के विद्यार्थी पात्र." ८५ टक्के म्हणजे १७/२०, आणि ३० ला २० ने भाग जात नाही. हिशोब साडेपंचवीस मुलांवर येतो. २५ मुलं पात्र असतील तर ८३.३ टक्के, २६ असतील तर ८६.७. मग ८५ आले कुठून, एवढं शांतपणे विचारावं. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांबाबत हे आपणही लक्षात ठेवायला हवं. वर्गात आठ मुलं असतील तर एकेक मूल १२.५ टक्के असतं. त्या वर्गाची एका दिवसाची हजेरी नेमकी ९० टक्के येऊच शकत नाही. एक मूल शेतावर थांबलं तर थेट ८७.५. कागदावर निकाल इतका घसरलेला दिसला, तर आधी किती मुलांचा वर्ग आहे ते बघावं.

उद्या वर्गात देण्यासाठी एक गणित : शाळेतल्या २८ टक्के मुलांनी चित्रकला घेतली, ६२.५ टक्के मुलांनी खेळ. पट १५० ते २५० च्या दरम्यान आहे. उत्तर २०० येतं. मुलांना चित्रकलेची आणि खेळाची मुलं किती तेही काढायला सांगा, आणि एकाही ठिकाणी अर्धं मूल आलं तर छेद पुन्हा तपासायला लावा.