इंग्लंडच्या चषकाचें एक वर्ष : १९४५-४६

फुटबॉलच्या स्पर्धा सामान्यतः दोन रीतींनीं खेळविल्या जातात. एका रीतींत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशीं खेळतो आणि वर्षाअखेर ज्याचे गुण अधिक तो श्रेष्ठ ठरतो. दुसऱ्या रीतींत हरला तो बाद, मग तो कितीहि नामांकित असो. पहिली रीत न्यायाची आणि दुसरी नशिबाची, असें कोणी म्हणेल. परंतु इंग्लंडांतील सामान्य माणसाचें मन विशेष जडलें तें दुसरीवरच. तेथील फुटबॉल असोसिएशनचा चषक १८७१-७२ पासून या बाद पद्धतीनें खेळला जात आहे. दुसऱ्या महायुद्धानें ही परंपरा खंडित केली. १९३९ सालीं पोर्टस्मथनें वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा ४-१ असा पराभव करून मिळविलेला चषक त्यामुळें सात वर्षें पोर्टस्मथकडेच राहिला.

युद्ध संपलें आणि १९४५-४६ च्या हंगामांत चषकाची स्पर्धा पुन्हां सुरू झाली. साखळी सामन्यांची राष्ट्रीय व्यवस्था मात्र अद्याप पूर्ववत् झाली नव्हती. मोठे संघ उत्तर आणि दक्षिण अशा प्रादेशिक विभागांत खेळत होते. साऱ्या देशाचें लक्ष वेधील अशी स्पर्धा म्हणजे एकटा चषक. अनेक वर्षें रित्या राहिलेल्या संघांच्या तिजोरींत चार पैसे पडावे, म्हणून त्या वर्षापुरता एक नवा नियम करण्यांत आला. पहिल्या मुख्य फेरीपासून सहाव्या फेरीपर्यंत प्रत्येक जोडीनें दोन सामने खेळावे, एक स्वतःच्या मैदानावर आणि दुसरा प्रतिपक्षाच्या, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून निकाल लावावा, असा तो नियम होता. यामुळें 'हरला तो बाद' हें सूत्रच थोडें सैल झालें. लंडनच्या चार्ल्टन अॅथलेटिकनें तिसऱ्या फेरींत फुलमविरुद्ध पहिला सामना ३-१ असा जिंकला, दुसरा १-२ असा गमावला, आणि ४-३ अशा बेरजेच्या बळावर तो पुढें सरकला. चषकांतील एक सामना हरूनहि अंतिम सामन्यापर्यंत पोंचलेला हा पहिलाच संघ.

सहाव्या फेरींत लँकशायरमधील बोल्टन वाँडरर्सची गांठ स्टोक सिटीशीं पडली. बोल्टननें पहिला सामना स्टोकच्या मैदानावर २-० असा जिंकला होता. दुसरा सामना ९ मार्च १९४६ रोजीं बोल्टनच्या बर्न्डेन पार्कवर ठरला. घरचा संघ विजयाच्या उंबरठ्यावर, प्रतिपक्षांत स्टॅन्ले मॅथ्यूजसारखा विख्यात खेळाडू, आणि वर्षानुवर्षांचा उपवास सोडावयास निघालेले प्रेक्षक! तिकिटांची आगाऊ विक्री नव्हती. जो येई तो दारावर पैसे देऊन आंत जाई. किती लोक येणार, हें कोणालाच ठाऊक नव्हतें.

त्या काळच्या मैदानांची रचना येथें लक्षांत घ्यावयास हवी. बहुसंख्य प्रेक्षक बसत नसत, उतरणीवर उभे राहत. आंत येण्याचीं फाटकें एकेकालाच सोडणारीं, फिरत्या दांड्यांचीं असत. उतरणीवर मधून मधून लोखंडी कठडे रोवलेले असत, ते मागून येणारा रेटा अडविण्यासाठीं. बर्न्डेन पार्कच्या एका बाजूचा मंडप युद्धकाळांत सरकारनें सामान ठेवण्यासाठीं घेतला होता, आणि त्या बाजूचीं फाटकें बंद होतीं. साहजिकच रेल्वेच्या बाजूच्या उतरणीवर येणाऱ्यांचा भार दुसऱ्या टोंकाच्या थोड्या फाटकांवर पडला. दुपारीं दोन वाजून चाळीस मिनिटांनीं हीं फाटकें बंद करण्यांत आलीं. पण बाहेरची गर्दी हटेना. कोणी भिंतीवरून चढले, कोणी रेल्वेच्या रुळांवरून आंत आले. इतक्यांत आंतील एका गृहस्थानें गुदमरणाऱ्या आपल्या लहान मुलाला बाहेर नेण्यासाठीं एका दाराचें कुलूप उघडलें. बाप बाहेर पडला, आणि त्याच दारानें लोंढा आंत शिरला. त्या बापास दोष देण्यास मन धजत नाहीं.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. उतरणीच्या खालच्या अंगास दोन कठडे मोडले आणि त्यांच्यामागील माणसें एकावर एक कोसळलीं. अशा गर्दींत माणसें तुडवलीं जाऊन मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुधा खरा नसतो. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली कीं गर्दी पाण्यासारखी वागूं लागते. एका जागचा धक्का दूरवर पोंचतो, माणसाचे पाय स्वतःच्या इच्छेनें हलत नाहींत, आणि छाती फुगावयास जागा न राहिल्यानें तो उभ्याउभ्याच गुदमरतो. दहा हात मागें उभ्या असलेल्यास याची गंधवार्ताहि नसते, आणि तो पुढें सरकतच राहतो. बोल्टन येथें तेहतीस जीव गेले, शेंकडों जखमी झाले.

पंचांनीं खेळ थांबविला. मैदानाच्या कडेला मृतदेह ठेवून त्यांवर कोट पांघरण्यांत आले. सामना मध्येंच सोडल्यास जमाव बिथरेल, या विचारानें सुमारें अर्ध्या तासानें खेळ पुन्हां सुरू झाला. लांकडाच्या भुशानें मैदानाची नवी सीमारेषा आंखण्यांत आली; तिच्या पलीकडे प्रेतें होतीं. मध्यंतर न घेतां संघांनीं बाजू बदलल्या आणि सामना ०-० असा संपला. काय घडलें याची कल्पनाहि मैदानावरील बहुतेक प्रेक्षकांना नव्हती. पुढील फेरींत गेला तो बोल्टन. पण व्हिला पार्कवरील उपान्त्य सामन्यांत चार्ल्टननें त्याला २-० असें हरविलें.

दुसऱ्या उपान्त्य सामन्यांत डर्बी काउंटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांची शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १-१ अशी बरोबरी झाली. मँचेस्टरच्या मेन रोडवर तो पुन्हां खेळविला गेला, तेव्हां ऐंशी हजारांवर लोक लोटले. बोल्टनची वार्ता ताजी असतांनाहि लोक आले, यावरून त्यांच्या ओढीची कल्पना यावी. डर्बीनें ४-० असा विजय मिळविला. २७ एप्रिल १९४६ रोजीं वेम्ब्लीवर झालेला अंतिम सामना मात्र एखाद्या फार्सासारखा रंगला. पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल नाहीं. मग चार्ल्टनच्या बर्ट टर्नरच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच गोलांत गेला, आणि मिनिटभरांत त्याच टर्नरनें डर्बीवर गोल करून बरोबरी साधली. त्यानंतर डर्बीच्या जॅक स्टँप्सनें मारलेला चेंडू वाटेंतच फुटला! जादा वेळांत पीटर डोहर्टीनें एक आणि स्टँप्सनें दोन गोल करून डर्बीला ४-१ असा विजय मिळवून दिला. त्या हंगामाचें नांव निघालें कीं लोकांना हा फुटलेला चेंडू आठवतो; मोडलेले कठडे तितके आठवत नाहींत.

सरकारनें मोल्विन ह्यूज यांच्याकडे बोल्टनच्या दुर्घटनेची चौकशी सोंपविली. प्रत्येक मैदानाची सुरक्षित क्षमता ठरवावी, फाटकांतून किती माणसें आंत गेलीं याची यांत्रिक मोजदाद ठेवावी, आणि मैदानांना परवाना असल्याखेरीज सामने होऊं देऊं नयेत, असें त्यांनीं १९४६ सालींच सुचविलें. सूचना शहाणपणाच्या होत्या आणि खर्चाच्याहि होत्या. त्यांचा कायदा झाला नाहीं. १९७१ सालीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर सहासष्ट माणसें मृत्युमुखीं पडलीं, तेव्हां कोठें सरकारला जाग आली आणि १९७५ सालीं क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा संमत झाला.

हिल्सबरो मैदानास तसा परवाना मिळालेला होता. १५ एप्रिल १९८९ रोजीं तेथें याच चषकाचा उपान्त्य सामना होता, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यांत. बाहेरची दाटी कमी करण्यासाठीं पोलिसांनीं एक दार उघडविलें. लोंढा आधींच भरलेल्या, जाळीनें बंदिस्त केलेल्या भागांत शिरला. तेथील मृतांची संख्या अखेर सत्त्याण्णव झाली. त्यांतील शेवटचा मनुष्य बत्तीस वर्षें त्या इजा सोसून २०२१ सालीं वारला.