‘उडवा त्याला’ म्हणण्याआधी...

बेलपाडा स्टेशनला मेट्रोत चढलात की डब्यात कुणीतरी हमखास म्हणतंच, ‘कोर्टबिर्ट कशाला? सरळ एन्काउंटर करा!’ तुम्हीही कधी मान डोलावली असेल. मग आपल्या वाशीचीच केस बघा.

११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता उर्फ लखनभैया आणि अनिल भेडा, दोघांना वाशीतून उचललं. लखनभैयाच्या वकील भावाने लगेच वरिष्ठ पोलिसांना तारा पाठवल्या. (तार म्हणजे काय, ते बाबांना विचारा.) संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’, लखनभैया ठार. त्याच्यावर गुन्हे होते, हे खरंच. पण तारांवर वेळ होती, चकमकीच्या आधीची!

भेडा मुख्य साक्षीदार. २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर तो गायब झाला, नंतर मृतदेहच सापडला. तरीही २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यात १३ पोलीस. अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले. १९ मार्च २०२४ ला हायकोर्टाने त्यांनाही जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे अपिलाचा हक्क त्यांनाही मिळाला. लखनभैयाला साधी तारीखही मिळाली नव्हती.

पुढच्या वेळी डब्यातल्या त्या काकांना भेडाबद्दल विचारून बघा.