सहा कमळे, पन्नास अक्षरे

मेरुदंडातून वर जाणाऱ्या सुषुम्ना नाडीवर तंत्रशास्त्राने सहा कमळे मानली आहेत, तीच षट्चक्रे. सुषुम्नेच्या डावीकडे इडा, उजवीकडे पिंगला आणि तळाशी साडेतीन वेढे घालून निजलेली कुंडलिनी. ती जागी होते, एकेक चक्र भेदत मस्तकातल्या सहस्रारापर्यंत चढते आणि तिथे शिवाशी एकरूप होते, अशी ही साधना. आज सर्वत्र सांगितली जाणारी मांडणी मुख्यतः बंगालचे पूर्णानंद यती यांच्या १५७७ मधील ‘षट्चक्रनिरूपणा’वर आधारलेली आहे.

तळाच्या मूलाधाराला चार पाकळ्या. मधोमध पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन, लं हे बीज, वाहन हत्ती. ब्रह्मदेव आणि डाकिनी या इथल्या देवता. आतल्या त्रिकोणात स्वयंभू लिंग असते आणि कुंडलिनीने त्यालाच वेढलेले असते. मराठी घरात हे नाव सर्वांत आधी कानावर पडते ते अथर्वशीर्षातून, कारण गणपतीचा नित्य वास मूलाधारात सांगितला आहे. त्यावर सहा पाकळ्यांचे स्वाधिष्ठान, तत्त्व जल. नाभीपाशी दहा पाकळ्यांचे मणिपूर, तत्त्व अग्नी. हृदयाशी बारा पाकळ्यांचे अनाहत, तत्त्व वायू. आघाताशिवाय उमटणारा नाद साधकाला इथे ऐकू येतो. कंठात सोळा पाकळ्यांचे विशुद्ध, तत्त्व आकाश. भुवयांमध्ये दोनच पाकळ्यांचे आज्ञाचक्र. ते मनाचे स्थान, पंचभूतांच्या पलीकडचे.

पाकळ्यांचे हे आकडे उगाच आलेले नाहीत. त्यांची बेरीज पन्नास होते आणि प्रत्येक पाकळीवर संस्कृत वर्णमालेतले एक अक्षर असते. सोळा स्वर कंठात, क ते ठ हृदयात, ड ते फ नाभीत, ब ते ल स्वाधिष्ठानात, व ते स मूलाधारात. उरलेले ह आणि क्ष भुवयांमध्ये. म्हणजे कंठापासून खाली वर्णमाला क्रमाने उतरत जाते. सहस्रारात हीच पन्नास अक्षरे वीस वेळा येतात, म्हणून तिथे हजार पाकळ्या. पूजेआधीच्या अंतर्मातृका न्यासात साधक ही अक्षरे मनाने त्या त्या पाकळीवर ठेवतो.

भूतांचा क्रमही असाच जुळवलेला आहे. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, त्यापासून जल आणि जलापासून पृथ्वी असा सृष्टीचा क्रम येतो. कुंडलिनी तो उलटा चालते: पृथ्वी जलात विरते, जल अग्नीत, आणि असेच पुढे. चक्रभेदनाचा अर्थ या लयात आहे. चक्रे ‘उघडून’ प्रकृती किंवा धंदा सुधारण्याची भाषा बरीच अलीकडची.

चक्रे सहाच, असेही सगळीकडे नाही. नेत्रतंत्रात सहा आहेत, पण त्यांतले एक टाळूत. गोरखनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ. त्याच नाथपरंपरेतल्या ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात भर दिला तो कुंडलिनीच्या जागृतीवर. तिला त्यांनी नागिणीच्या पिल्लाची उपमा दिली. शरीरातल्या अवयवांची गणती असती, तर संख्येत एवढी ढिलाई चालली नसती.

तरीही चक्रे शरीरात शोधण्याचा मोह अनेकांना झाला. स्वामी दयानंद सरस्वतींनी तरुणपणी गंगेतून वाहत आलेले एक प्रेत काठावर ओढून चिरले, ग्रंथांतल्या वर्णनाशी ताडून पाहिले आणि काहीच जुळेना तेव्हा प्रेताबरोबर ते ग्रंथही फाडून नदीत सोडले. पुढे १९२७ मध्ये मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी इंग्रजी पुस्तक लिहून कुंडलिनीचा संबंध व्हेगस या मज्जातंतूशी जोडला. दोघांची निष्ठा खरी होती, पण वाट चुकली. ध्यानासाठी रचलेला नकाशा सुरीखाली सापडत नाही.

पाश्चात्त्य वाचकांपर्यंत हा विषय नेला कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी. ‘षट्चक्रनिरूपणा’चे त्यांचे भाषांतर १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ या नावाने निघाले. योगवर्गांच्या भिंतींवर दिसणारा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा इंद्रधनुषी तक्ता मात्र त्यात नाही. तो रूढ झाला १९७० च्या दशकात, पाश्चात्त्य देशांत. त्या तक्त्यात मणिपूर पिवळे असते. पूर्णानंदांच्या ग्रंथात त्याच्या पाकळ्या पावसाने भरलेल्या ढगाच्या रंगाच्या आहेत.