स्वयंचलित बांधणी आणि संचांची नोंदवही

संगणकाचा कार्यक्रम आज एकाच्याच लेखणींतून उतरत नाहीं. परक्यांनीं लिहिलेल्या शेंकडों लहान संचांवर तो उभा असतो. हे संच आणून देणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर. दर बदलागणिक आपोआप बांधणी करणारें यंत्र बहुधा कोऱ्या पाटीनें आरंभ करतें आणि कारभारी देईल तें मुकाट्यानें घेतें.

२०१६ च्या मार्चमध्यें एका लेखकानें एनपीएम या भांडारांतून ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघा ११ ओळींचा संच काढून घेतला, आणि जगभर असंख्य बांधण्या अडल्या! कांहीं तासांतच भांडारानें तो परत ठेवला.

माल बदलण्याचें भय याहून सूक्ष्म. त्यासाठीं मूळ लेखनासोबत ‘लॉक’ नांवाची नोंदवही जपतात; तींत प्रत्येक संचाची नेमकी आवृत्ति व मजकुरावरून काढलेली मुद्रा असते. २०१८ सालीं आलेली ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वहीबरहुकूमच माल उतरविते; मागणीची यादी व वही यांत तफावत पडली कीं काम थांबविते. नेहमींची ‘इन्स्टॉल’ आज्ञा मात्र अशा वेळीं वहीच बदलते. हिशेब जुळेना म्हणून कारकुनानें रोजकीर्द खोडावी, तसाच हा प्रकार.

गेलेला माल ही वही परत आणीत नाहीं. त्याकरितां उतरविलेले संच आपल्याच कोठारांत सांठवावे लागतात. त्या सांठ्याला वहीच्या मुद्रेवरूनच नांव देतात, म्हणजे वही बदलतांच नवा सांठा होतो.