पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

सायंकाळच्या वंदनेनंतर अभ्यासाचा तास सुरू होतो. मुले धडा तीनदा-चारदा वाचतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतात. आठवड्याने चाचणी होते आणि तीच मुले मान खाली घालून म्हणतात, "सगळे वाचले होते, पण आठवले नाही." यावर आम्ही शिक्षकांनीही वर्षानुवर्षे एकच उपाय सांगितला : आणखी वाचा. तो सल्ला अपुरा होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते. घरातील पहिल्या पिढीत शिकणारे मूल अशा अपयशाचा अर्थ 'मला बुद्धीच नाही' असा लावते. वस्तुतः उणीव बहुधा वाचनाच्या रीतीत असते.

धडा पुनःपुन्हा वाचला की शब्द ओळखीचे होतात. परंतु ओळख म्हणजे आठवण नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा एकदा वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र चित्र पालटले. दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवले, लिहून काढलेल्यातले ५६ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच स्मरण पक्के करतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. तिपिटक लिपिबद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खुसंघाने ते कंठस्थ राखले. दीघनिकाय, मज्झिमनिकाय यांचे भाणक वेगवेगळे असत. न पाहता म्हणणे आणि इतरांसोबत ताडून घेणे, यांवर ती परंपरा उभी होती.

आता इतिहासातील महाडच्या सत्याग्रहाचा धडा घेऊ. वाचण्यापूर्वी वहीत एक प्रश्न लिहावा : १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, तर १९२७ मध्ये सत्याग्रह का करावा लागला? उत्तर शोधत एक भाग वाचावा, पुस्तक मिटावे आणि समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे किंवा लिहावे. मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. निसटले तेवढेच पुन्हा वाचावे. ठराव कागदावर राहिला आणि पाणी मिळाले नाही, हे कारण एकदा उमगले की २० मार्च १९२७ ही तारीख सुटी राहत नाही. ती कारणाला धरून राहते. हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करावी. एका रात्रीत चार वेळा बसण्यापेक्षा चार दिवशी थोडे थोडे बसणे अधिक टिकते.

आरंभी हे कष्टाचे वाटते. आठवत नाही म्हणून मूल हिरमुसते. त्या क्षणी त्याला सांगावे की हे अडखळणे हाच अभ्यास आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. सुटीत मूल घरी आले की त्याला एवढेच म्हणावे, "पुस्तक मिट आणि काय वाचलेस ते मला सांग." त्यासाठी आईबापांना अक्षरओळख असण्याची गरज नाही, ऐकण्याची आस्था पुरेशी आहे. माजी विद्यार्थ्यांनीही शाळेत येऊन एखाद्या मुलासमोर तासभर असे श्रोते होऊन बसावे. त्या तासाचे मोल कोणत्याही देणगीहून कमी नसेल.