जुन्या शिवणयंत्राच्या प्रकाराची ओळख : सिंगर यंत्रांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : शिवणयंत्र, अनुक्रमांक, वर्ग, शटल, भौतिक पुरावा

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिवणयंत्राने घरगुती श्रम आणि शिंपीव्यवसाय या दोहोंचे स्वरूप पालटले. आयझॅक मेरिट सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. १८८५ मध्ये स्कॉटलंडमधील क्लाईडबँक येथे सुरू झालेला सिंगरचा प्रचंड कारखाना १९८० पर्यंत चालला. भारतातील अनेक घरांत आढळणारी जुनी काळी यंत्रे याच कारखान्यातून आलेली आहेत. अशा यंत्राचे वय व प्रकार सांगताना बहुधा कौटुंबिक आठवण किंवा यंत्रावरील सोनेरी नक्षी प्रमाण मानली जाते. त्यातून स्थानिक इतिहासाच्या नोंदी चुकतात; शिवाय चुकीचे सुटे भाग बसवल्याने चालू शकणारे यंत्र निकामी ठरून भंगारात जाते. म्हणूनच यंत्राच्या ओळखीची शास्त्रशुद्ध पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते.

अनुक्रमांक काय सांगतो ?

सिंगर यंत्राच्या तळपाटावर, उजव्या बाजूस खांबाच्या पायथ्याशी, अनुक्रमांक कोरलेला असतो. साधारणतः १९०० पूर्वीच्या अनुक्रमांकात केवळ अंक आढळतात. त्यानंतर अंकांपूर्वी एक अक्षर व पुढे दोन अक्षरे येऊ लागली. ही अक्षरे कारखान्याची निदर्शक आहेत. उदाहरणार्थ, 'एफ' व 'वाय' ही अक्षरे क्लाईडबँकची, 'जी' हे अमेरिकेतील एलिझाबेथ येथील, 'जे' हे कॅनडातील सेंट जॉन्स येथील, तर 'सी' हे जर्मनीतील विटेनबर्गे येथील कारखान्याचे होय.

येथे दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, कंपनीच्या नोंदवहीतील तारीख ही क्रमांकांचा गट कारखान्याला नेमून दिल्याची असते. प्रत्यक्ष यंत्र त्यानंतर तयार झालेले असते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. अनुक्रमांकाची अक्षरे यंत्र कोठे व सुमारे केव्हा तयार झाले हे सांगतात. ते कोणत्या वर्गाचे आहे हे सांगत नाहीत. एकच अक्षर अनेक वर्गांच्या यंत्रांवर आढळते.

फसव्या खुणा :

यंत्राच्या खालच्या बाजूस ओतीव भागांवर असलेले आकडे हे त्या सुट्या भागांचे क्रमांक असतात. त्यांना अनुक्रमांक समजणे ही नेहमीची चूक आहे. सरकत्या पट्टीवरील वर्षे पेटंटची असतात, निर्मितीची नव्हेत. नक्षीही निर्णायक नसते, कारण एकच नक्षी भिन्न वर्गांवर वापरली जाई आणि जुनी यंत्रे पुन्हा रंगवून विकलीही जातात. काही यंत्रांवर, विशेषतः १९५० च्या दशकातील, कंपनीच्या बिल्ल्याखाली '९९के' किंवा '२०१के' असा वर्गक्रमांक असतो. त्यातील 'के' हे अक्षर क्लाईडबँकच्या किल्बोवी या भागाचे निदर्शक आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर असा क्रमांक नसल्याने रचनेकडेच वळावे लागते.

रचनेवरून वर्गनिश्चिती :

खालचा धागा कोठे बसतो व कसा फिरतो, हा सर्वांत विश्वसनीय निकष होय.

१) वर्ग २७ व २८ : सुईच्या पुढे व मागे अशा दोन सरकत्या पट्ट्या असतात. लांबट, निमुळते शटल पुढेमागे झुलते. २८ हा २७ चा लहान आकार होय.

२) वर्ग १५ : बॉबिन उभ्या केसमध्ये, डाव्या टोकाला सुईखाली बसते. धाग्याचा ताण नियंत्रित करणारी चकती सामान्यतः डाव्या टोकाच्या पट्टीवर असते.

३) वर्ग ६६ व ९९ : बॉबिन सुईपुढील सरकत्या पट्टीखाली आडवी, वरून ठेवली जाते. ९९ हा ६६ चा लहान आकार होय.

४) वर्ग २०१ : बॉबिन याही वर्गात वरूनच बसते. मात्र हातचाक सावकाश फिरवल्यास ६६ चा हूक पुढेमागे झुलताना दिसतो, तर २०१ चा हूक पूर्ण वर्तुळात फिरतो.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. १५ व ६६ या वर्गांच्या बॉबिनी व्यासाने जवळपास सारख्या दिसतात. परंतु पहिलीच्या बाजू सपाट, तर दुसरीच्या किंचित फुगीर असतात. त्यांची अदलाबदल केल्यास धागा अडकतो, टाके सुटतात आणि दोष मात्र यंत्राच्या जुनेपणास दिला जातो.

भारतीय संदर्भ :

१९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सकडून 'उषा' यंत्रांची निर्मिती सुरू झाली. भारतात बनलेल्या अनेक घरगुती काळ्या यंत्रांची घडण वर्ग १५ शी मिळतीजुळती आहे. त्यामुळे केवळ रूपसाम्यावरून यंत्रास सिंगर म्हणणे, किंवा अन्य कंपनीच्या अनुक्रमांकास सिंगरची सारणी लावणे, हे दोन्ही अग्राह्य ठरते.

समारोप :

एखादे यंत्र १९१० मधील लग्नात आंदण मिळाल्याचे कुटुंबात सांगितले जात असेल आणि त्याचा अनुक्रमांक 'ईए' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर ते १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे असू शकत नाही. याचा अर्थ आठवण खोटी आहे असा नव्हे. कदाचित आंदणाचे यंत्र बदलले गेले असेल आणि आठवण नव्या यंत्रास चिकटली असेल. काळ व स्थळ अनुक्रमांकावरून, वर्ग रचनेवरून आणि मालकीचा इतिहास मौखिक कथनातून, अशी पुराव्यांची विभागणी केल्यास तिन्ही परस्परांस पूरक ठरतात. इतिहास व गृहविज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत घरातील वस्तूवरच शिकवता येण्यासारखी आहे.